घड्याळाचं 'रेडियम' विझलं? दुकानात येण्याआधी एवढं वाचा

"काट्यांवरचं रेडियम गेलं, भरून द्या," असं म्हणत भुसावळ-जळगावकडची बरीच मंडळी वाडवडिलांचं घड्याळ आणतात. आधी भिंगाने सहाच्या आकड्याखाली पाहा. 'स्विस मेड'च्या दोन्ही अंगांना इंग्रजी 'टी' असेल, तर तो ट्रिटियमचा रंग.

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. 12.3 वर्षांत ते निम्मं होतं, 37 वर्षांत आठवा हिस्सा उरतो. त्याच्या माऱ्याने चमकणारी झिंक सल्फाइडची पूडही थकते. त्यामुळे दिवसभर उन्हात ठेवलं तरी ते रात्रभर उजळणार नाही.

हात जोडून विनंती: घरी काच काढून ब्लेडने रंग खरवडू नका. भुगा मशीनमध्ये उतरतो, चाकांच्या तेलाला चिकटतो; मग सगळं मशीन खोलून धुवावं लागतं आणि मजुरीवरून वाद आमच्याशी! ट्रिटियमचे बीटा कण दुबळे, हवेत जेमतेम 6 मिलिमीटर जातात, कातडीचा वरचा मेलेला थरही ओलांडत नाहीत. मनगटावर बांधायला भीती नाही. पण तोच भुगा नाकातोंडात गेला की गोष्ट वेगळी.

काही जण किरणोत्सार मोजायचं ऑनलाइन मागवलेलं मीटर लावून बघतात. ट्रिटियमचे कण काचेबाहेर येतच नाहीत, मीटर काय दाखवणार? मीटर कडकडलंच, तर ते बहुधा जुनं, खरंखुरं रेडियम. त्याला निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. चमक गेली तरी धोका तसाच. असं घड्याळ अजिबात उघडू नका.

नवापूरकडचे ग्राहक गुजरातेतल्या काक्रापार अणुवीज केंद्रातल्या ट्रिटियमचं विचारतात. तिथल्या अणुभट्ट्यांतल्या जड पाण्यात ड्युटेरियमने, म्हणजे जड हायड्रोजनने, न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम होतं. ते पाण्याचाच भाग होऊन बसतं, गाळून निघत नाही. म्हणून कामगारांची लघवी आणि परिसरातलं पाणी तपासतात. पोटात गेलेलं साधारण दहा दिवसांत निम्मं बाहेर पडतं. घड्याळाचा त्याच्याशी संबंध नाही.

आम्ही ट्रिटियम भरत नाही. किरणोत्सार नसलेला, उजेड पिऊन चमकणारा रंग भरतो. जुना रंग शाबूत असेल तर राहू द्या म्हणतो, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. जुन्या डायलला भाव त्याच रंगामुळे मिळतो. पाहणी फुकट, दर कामाआधी.

रंग झडत असेल तर घड्याळ रुमालात गुंडाळू नका, झिपच्या पिशवीत घालून आणा.