पार्श्वभूमी: घरामागची पत्र्याची शेड आली कुठून

१८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात मँचेस्टरच्या ई. टी. बेलहाउस या कारखानदाराने सुटी करून बोटीने पाठवता येतील अशी लोखंडी घरं मांडली होती. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांना ती आवडली आणि त्यांनी स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलसाठी एक नाचघरच मागवलं. पन्हळी पत्र्याचं हे नाचघर त्याच वर्षी उभं राहिलं. पुढे शेजारी नवा दगडी वाडा झाला, त्यात ऐसपैस दालनं आली, आणि पत्र्याच्या नाचघराचं करायचं काय हा प्रश्न उरला. इमारत गेली सुतारांकडे. जिथे राजघराणं नाचलं तिथे रंधा आणि करवत चालू लागली.

ही गोष्ट एकट्या बाल्मोरलची नाही. आज घरामागे वर्कशॉप काढायचं म्हणून जी तयार लोखंडी शेड आपण मागवतो, नंबर टाकलेले खांब, पत्र्यांची थप्पी आणि स्क्रूंच्या पिशव्या अशी जी ट्रकमधून उतरते, तिचा एकही भाग मुळात घरगुती कारागिरासाठी जन्मलेला नाही. गोदी, सोन्याच्या खाणी, दोन महायुद्धं आणि मोटारगाडी यांनी वापरून सोडलेले हे कपडे. थोरल्याचे कपडे धाकट्याला यावेत तसे आले, आणि कुठे सैल, कुठे तंग बसले.

सुरुवात पत्र्यापासून करू. हेन्री रॉबिन्सन पामर हे लंडन गोदीचे इंजिनिअर. लोखंडी पत्रा रुळांमधून काढून त्याला लाटांसारखा आकार देण्याचं पेटंट त्यांनी १८२९ मध्ये घेतलं आणि लगोलग गोदीतल्या टर्पेंटाइनच्या शेडवर तो पत्रा कमानीसारखा वाकवून बसवला. खाली कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) नाही, वासे नाहीत, पत्रा स्वतःच छप्पर. यात जादू कसली ते वहीच्या कागदावर कळतं. सपाट कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर मधेच लोंबतो. तोच पंख्यासारखा घड्या घालून ठेवा, वर पेन ठेवलं तरी हलत नाही. माल तेवढाच, पण तो मधल्या रेषेपासून वर-खाली लांब गेला की वाकायला तयार होत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर माणूस उभा राहू शकतो तो या लाटांच्या जोरावर, आणि तेही पाय आधाराच्या जवळ पडला तर. (मधे पाय दिलात तर पत्रा त्याची आठवण कायमची ठेवतो.)

पत्रा झाला, पण गंजाचं काय? १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. बेडकाच्या पायांवर प्रयोग करणाऱ्या इटलीच्या गॅल्वानी यांच्या नावावरून या कामाला जे नाव मिळालं, तेच आपण आजही ‘गॅल्व्हनाइज्ड’ म्हणून घेतो. जस्ताची खुबी अशी की ते नुसतं झाकत नाही, स्वतः आधी झिजतं. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी शेजारचं जस्त त्याच्या वाटचा गंज आपल्या अंगावर घेतं. १९७० च्या दशकात साधारण ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असा मुलामा आला. तो छपरावर जास्त वर्षं टिकतो, पण कापलेल्या कडेची काळजी साध्या जस्ताइतकी घेत नाही.

इथे स्वतःची एक चूक सांगून टाकतो. खिडकीसाठी पत्रा कापायला मी अँगल ग्राइंडर लावला. काम पाच मिनिटांत झालं, ठिणग्याही छान उडाल्या. पंधरवड्यात त्या ठिणग्या जिथे जिथे पडल्या होत्या तिथे तिथे तांबूस ठिपके उगवले. तापलेले लोखंडाचे कण मुलाम्यात रुतून बसतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. शिवाय कापलेल्या कडेचं जस्त उष्णतेने जळतं ते वेगळंच. तेव्हापासून पत्र्याला कात्री नाहीतर निबलर, म्हणजे ठिणग्या न पाडता पत्रा कुरतडत कापणारं हत्यार.

पत्र्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सोनं. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात माणसं लोटली, आणि तिथे ना सुतार, ना लाकूड, ना सवड. न्यूयॉर्कच्या पीटर नेलर यांनी २० बाय १५ फुटांची लोखंडी घरं विकायला काढली आणि ती एका दिवसाच्या आत उभी राहतात अशी जाहिरात केली. त्यानंतर ऑस्ट्रेलियात सोनं निघालं आणि ब्रिटनमधून तशीच घरं तिकडे निघाली. मेलबर्नच्या दक्षिण भागात त्यातली काही आजही जपून ठेवली आहेत. सुटे भाग आणून जागेवर जोडायचं ‘किट’, या कल्पनेचा गाभा इथेच तयार झाला. कौशल्य लागतं ते सगळं कारखान्यात वापरून टाकायचं आणि जागेवर फक्त पाना फिरवणारे हात ठेवायचे. किंमतही लवकरच कळली. उन्हाळ्यात ही घरं भट्टीसारखी तापत. मे १८५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठी आग लागली तेव्हा ‘लोखंड जळत नाही’ या भरवशावर लोखंडी इमारतींत थांबलेल्या काही जणांना लोखंडी दारं उष्णतेने फुगून बसल्यामुळे बाहेरच पडता आलं नाही. लोखंड जळत नाही हे खरं, पण ते प्रसरण पावतं, आणि सहाशे अंशांच्या आसपास पोलादाची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. ज्या शेडमध्ये वेल्डिंग करायचं, थिनरचा डबा ठेवायचा, तिथे दुसरं दार हवं ते याच कारणाने.

मग युद्ध. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातले खाणइंजिनिअर पीटर नॉर्मन निसेन यांनी अर्धगोल पत्र्याची झोपडी आखली. १६ फूट रुंद, २७ फूट लांब, सगळे भाग सैन्याच्या एका लॉरीत मावतील असे. सहा माणसं ती चार तासांत उभी करत. एका पथकाने तर १ तास २७ मिनिटांत केली. पहिल्या महायुद्धातच अशा लाखभर झोपड्या झाल्या. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ: बाहेरच्या पत्र्याच्या आत निसेननी लाकडी पट्ट्यांचं अस्तर दिलं होतं, मधे हवेची फट सोडून.

दुसऱ्या महायुद्धात पत्रा थेट लोकांच्या परसात आला. सरकारने वाटलेला अँडरसन शेल्टर म्हणजे वाकवलेले गॅल्व्हनाइज्ड पत्रे बोल्टने जोडून, अर्धवट जमिनीत पुरून, वर माती टाकून बॉम्बपासून केलेला आडोसा. युद्ध सुरू होण्याआधीच सुमारे १५ लाख वाटले गेले. तो घरच्या माणसांनीच, शेजाऱ्यांना हाताशी धरून उभा करायचा होता. युद्ध संपल्यावर अनेकांनी पत्रे उकरून काढले, जमिनीवर पुन्हा जोडले आणि आत फावडी, सायकल, व्हाइस, हत्यारांची पेटी गेली. पत्र्याच्या घरगुती वर्कशॉपचा जन्मदाखला मागितलाच तर मी हा पुढे करीन.

अमेरिकेत १९४१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या क्वॉनसेट पॉइंट इथे निसेनचीच सुधारलेली बहीण तयार झाली. क्वॉनसेट हटच्या पुढच्या नमुन्यांत एक गंमत होती. बरगडी पोलादी, पण दोन पातळ भाग पाठीला पाठ लावून जोडलेले आणि मधे नागमोडी खाच; खिळा ठोकला की आत वाकून घट्ट बसायचा. पोलादात खिळा! सुताराला नवं काही शिकावं लागू नये म्हणून केलेली ही सोय. दीड लाखाहून जास्त हट बनल्या, आणि युद्धानंतर उरलेल्या विक्रीला निघाल्या. गॅरेज, दुकानं, धान्याची कोठारं, वर्कशॉप, सगळं त्यात थाटलं गेलं.

वर्कशॉपवाल्याला मात्र ती कधीच पूर्ण पटली नाही. कारण साधं आहे: गोल भिंतीला टेबल लागत नाही. कामाचं टेबल भिंतीला टेकवायला जावं तर मागे फट राहते, फळी लावायला उभी भिंत नाही, ड्रिल मशीन कडेला ठेवलं तर डोकं छपराला आपटतं. जमिनीवर मोजलेल्या चौरस फुटांतले कडेचे बरेचसे नुसते मोजण्यापुरते.

उभी भिंत आली ती दुसऱ्या वाटेने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पाण्याच्या टाक्या आणि धान्याच्या कणग्या बनवणाऱ्या कारखान्यांनी पाहिलं की लोक मोटारगाड्या घेतायत आणि त्या ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. कॅन्सस सिटीच्या बटलर कंपनीच्या पहिल्या इमारती म्हणजे अशीच गॅरेजं. पण खरा फरक पडला १९४० नंतर, रिजिड फ्रेममुळे. जुन्या शेडमध्ये खांबांवर कैची ठेवलेली असे आणि तिच्या आडव्या दांड्या डोक्यावर जाळं करत. नव्या फ्रेममध्ये खांब आणि छपराची तुळई कोपऱ्यात एकजीव केली. वेल्डिंगने हे सोपं केलं, आणि पोलाद मोडण्याआधी किती वाकतं याचा हिशेब केंब्रिजमध्ये जॉन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. कोपऱ्याशी जाड आणि पायाशी बारीक होत जाणारा खांब आपल्याला दिसतो त्याचं कारण हेच: सगळा ताण कोपऱ्यावर, म्हणून माल तिथे. मधली जागा मोकळी झाली. आढ्याखाली चेनपुली टांगता येऊ लागली, अर्थात फ्रेम तेवढ्या वजनासाठी आखलेली असेल तरच. बहुतेक तयार किटची नसते, आणि हे विकणारा आपणहून सांगत नाही.

बाकीचं झपाट्याने झालं. थंड अवस्थेत दुमडलेले सी आणि झेड आकाराचे हलके पर्लिन, म्हणजे छपराचा पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या, आले. १९६० च्या दशकात स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू आणि त्याखालचा रबरी वॉशर आला. त्याआधी भोक पाडून, शिशाचा नाहीतर डांबरी वॉशर घालून बोल्ट आवळावा लागे, एक माणूस वर आणि एक खाली. आता एकटा माणूस ड्रिल घेऊन दिवसभरात एक पाखं संपवतो. एवढंच की वॉशर टोपीच्या कडेला किंचित फुगला की थांबायचं. आणखी आवळला तर रबर चिरडतं, आणि ते छपरावर कळत नाही, पावसाळ्यात कळतं.

आता निसेनच्या अस्तराकडे. सैन्याच्या झोपड्यांत माणसं झोपायची, म्हणून त्यांना अस्तर होतं. क्वॉनसेटलाही आतून लाकडी तक्ते आणि त्यांच्यामागे उष्णतारोधक थर होता. गॅरेजं आणि कोठारं करणाऱ्यांनी ते काढून टाकलं. गाडीला आणि धान्याच्या पोत्यांना थंडी वाजत नाही, असा हिशेब. आपल्याला जे किट मिळतं ते या वंशातलं. थोरल्याचा कोट आला, पण अस्तर उसवून. निरभ्र रात्री पातळ पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो, आतली दमट हवा त्याला लागली की दंव धरतं, आणि पहाटे पाऊस नसताना लेथवर थेंब पडतात. आत गॅसचा हीटर लावला तर आणखीच, कारण जळणाऱ्या गॅसमधून वाफही निघते. नवी काँक्रीटची लादी पहिले काही महिने ओल सोडत राहते, त्यामुळे पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. पत्रा चढवण्याआधी पर्लिनवर उष्णतारोधक थर अंथरणं स्वस्त पडतं. नंतर आतून लावायचा म्हणजे सगळी मशीनं हलवा.

हलकेपणाचा दुसरा वारसा पायात आहे. दगडी घराचा पाया वजन पेलतो. या शेडचा पाया तिला धरून ठेवतो. छपराचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलोचा. सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा चौरस मीटरवर जवळजवळ शंभर किलोंच्या वजनाइतका दाब आणतो, आणि छपरावर त्यातला बराचसा वर ओढणारा असतो. मोठं शटर उघडं राहिलं तर आतूनही ढकलतो. म्हणून खांबाखालचे अँकर बोल्ट हा या इमारतीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक किटमध्ये नेमके तेच नसतात. ते ‘साइटवर’ म्हणून आपल्यावर सोडलेले असतात. कारखान्यात सगळी भोकं मिलिमीटरात पाडून आलेली, आणि बोल्ट मात्र ओल्या काँक्रीटमध्ये हाताने धरून बसवायचे. त्यासाठी प्रत्येक खांबाच्या तळपट्टीचा प्लायवूडचा साचा करून बोल्ट त्यात आधी आवळून घ्यायचे, चारही कोपऱ्यांना दोऱ्या ताणायच्या, आणि ६ बाय ९ मीटरची शेड असेल तर दोन्ही कर्ण १० मीटर ८१.७ सेंटिमीटर येईपर्यंत काँक्रीटच्या गाडीला फोन करायचा नाही.