फिना गेल की फिअना फॉइल? वराडकर नक्की कुठले?

लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा, म्हणजे 2017 ला, आपल्याकडे मालवण तालुक्यातल्या वराड गावापर्यंत कॅमेरे पोचले, पण त्यांचा पक्ष कुठला हे विचारलं की निम्मे लोक फिअना फॉइल सांगायचे आणि उरलेले नुसतं फिना काहीतरी. उत्तर फिना गेल. पण गोंधळ होणारच, मी डब्लिनला आलो तेव्हा पहिले वर्षभर मलाही दोन्ही पक्ष एकच वाटायचे. आणि खरं सांगू का, धोरणं वाचून फरक शोधायला गेलात तर फारसं काही हाताला लागत नाही, दोघंही मधले, जरासे उजवीकडे झुकलेले, दोघांनाही बाहेरच्या कंपन्या आणि कमी कॉर्पोरेट टॅक्स हवा.

फरक कळायला सरळ भावकीतलं भांडण डोळ्यासमोर आणा. मूळ घर एकच, ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मागणारा शिन फेन पक्ष. डिसेंबर 1921 मध्ये ब्रिटिशांशी करार झाला, आयर्लंडला स्वतःचं सरकार मिळालं पण वर राजा ब्रिटनचाच राहिला, आणि घर फुटलं. बऱ्याच जणांना वाटतं भांडण उत्तर आयर्लंडच्या फाळणीवरून झालं, पण आयरिश संसदेत म्हणजे डॉलमध्ये तेव्हा सगळ्यात जास्त डोकी तापली ती राजाच्या नावाने घ्यायच्या शपथेवरून. 64 विरुद्ध 57 मतांनी करार पास झाला आणि काही महिन्यांत यादवी सुरू, कालपर्यंत एकत्र लढलेली माणसं एकमेकांवर गोळ्या झाडायला लागली, करारवाल्यांचा नेता मायकेल कॉलिन्स ऑगस्ट 1922 मध्ये त्याच्याच कॉर्क काउंटीत मारला गेला.

करार मान्य असलेल्यांची वंशावळ पुढे 1933 ला फिना गेल झाली. करार नको म्हणणाऱ्यांतून एमन डी व्हॅलेराने 1926 ला फिअना फॉइल काढला. गंमत म्हणजे ज्या शपथेसाठी एवढं रक्त सांडलं, त्याच शपथेच्या वहीत 1927 ला डी व्हॅलेराने बायबल बाजूला सारून सही केली, ही नुसती औपचारिकता म्हणाला आणि संसदेत जाऊन बसला. आणि रिपब्लिक जाहीर करणारं सरकार? ते फिना गेलचे पंतप्रधान कॉस्टेलो यांचं, 1948 चा कायदा. म्हणजे राजा नको म्हणणाऱ्यांच्या आधी राजा चालेल म्हणणाऱ्यांनीच त्याला निरोप दिला!

मतदार कोण ते बघितलं तर थोडा फरक दिसतो. फिना गेलकडे मोठे शेतकरी, डॉक्टर, वकील, दुकानदार. फिअना फॉइलकडे पश्चिमेचे छोटे शेतकरी, पण शहरातले कामगारसुद्धा, म्हणून तर 1932 पासून कित्येक दशकं तोच सगळ्यात मोठा पक्ष होता आणि तिथला लेबर पक्ष बहुतेक वेळा तिसऱ्या नंबरला राहिला. बाकी मत म्हणजे घराण्याचा वारसा, आजोबा ज्या बाजूने लढले तिकडे नातवाचं मत.

हे कधी मोडलं? 2008 ला बँका बुडायला लागल्या, 2010 ला युरोपियन युनियन आणि आयएमएफकडे हात पसरावे लागले, आणि 2011 ला लोकांनी फिअना फॉइलला असं धुतलं की 2007 ची 41.6 टक्के मतं 17.4 वर आली, सीटा फक्त 20. फिना गेल 76 वर गेला. पण ही मतं कायमची तिकडे गेली असं समजू नका, नंतर तीही पांगली. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये दोघांची मिळून 84 टक्के मतं होती, 2020 ला जेमतेम 43, आणि पहिल्या पसंतीच्या मतांत मूळ घराचं नाव चालवणारा आजचा शिन फेन दोघांच्याही पुढे. घरभाडं परवडत नसलेल्या पंचविशीतल्या पोराला 1922 शी काय देणंघेणं! मग जे जवळजवळ शंभर वर्षं झालं नव्हतं ते झालं, दोन्ही भाऊ ग्रीन पार्टीला सोबत घेऊन एका सरकारात बसले. आधी फिअना फॉइलचे मिहॉल मार्टिन पंतप्रधान, डिसेंबर 2022 मध्ये परत वराडकर.

तरी दोघं एकत्र विलीन का होत नाहीत? माझ्या मते कारण मतपत्रिकेत आहे. इथे मशीन नाही, पेन्सिलीने उमेदवारांपुढे पसंतीच्या क्रमाने 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. तुमचा पहिला बाद झाला की मत दुसऱ्याकडे सरकतं. आम्हाला नागरिकत्व नसलं तरी लोकल इलेक्शनला मत देता येतं, 2024 च्या जूनमध्ये मी बूथमध्ये उभा राहून फोटो आणि चिन्हं बघत आकडे टाकत होतो तेव्हा लक्षात आलं, अरे, एकाला 1 आणि दुसऱ्याला 2 दिला तर दोघांचंही भागतंय! पूर्वी अशी मतं एकमेकांकडे फार जायची नाहीत, आता बरीच जातात. दोन दुकानं, दोन जुनी गिऱ्हाइकं, गल्ला मात्र शेवटी एका पेटीत.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये संसदेच्या 174 जागांपैकी फिअना फॉइल 48, फिना गेल 38, मध्ये शिन फेन 39. पुन्हा जोडीने सरकार, यावेळी काही अपक्षांच्या टेकूने. आधी मार्टिन, आणि ठरल्याप्रमाणे 2027 च्या नोव्हेंबरमध्ये खुर्ची फिना गेलच्या सायमन हॅरिसकडे. वराडकर तोवर राजकारणातून बाहेर पडलेले, त्यामुळे वराडला आता कोणी पक्षाचं नाव विचारत नसेल.