इकोव्हिलेज : बघायला जाणं आणि राहायला जाणं

इकोव्हिलेज म्हणजे काही लोकांनी ठरवून वसवलेली वस्ती, जिथे घरं, शेती, पाणी, वीज, कचरा आणि एकमेकांशी वागणं हे सगळं निसर्गाला कमीत कमी त्रास होईल अशा बेताने आखलेलं असतं. मराठीत पर्यावरण-ग्राम, निसर्गग्राम असे शब्द कधीतरी लिहिलेले दिसतात पण बोलताना सगळे इकोव्हिलेजच म्हणतात. यात ‘ठरवून’ या शब्दाला वजन आहे. आपलं जुनं खेडंही शेणाने सारवलेलं, कमी कचऱ्याचं होतंच की, पण तिथे माणूस जन्माने यायचा आणि कोणत्या आळीत राहणार हे जातीवरून ठरायचं. इकोव्हिलेजमध्ये माणूस अर्ज करून येतो आणि आधीचे लोक त्याला घ्यायचं की नाही ते ठरवतात.

आधी एक घोळ निस्तरू. आमच्या इंदूरला बायपासवर किंवा खंडवा रोडने निघालात की नावात इको, ग्रीन, नेचर असलेले प्लॉटचे बोर्ड दिसतात. तिथे सामील होणं म्हणजे रजिस्ट्री करणं, बाकी काही नाही. शेजारी कोण येणार, बोअरचं पाणी कोण किती उपसणार हे कोणी कोणाला विचारत नाही. ही नोंद त्यांच्याबद्दल नाही.

कल्पना कुठून आली

आजच्या अर्थाने हा शब्द पक्का झाला तो १९९१ मध्ये, डेन्मार्कच्या गाया ट्रस्टसाठी अमेरिकेच्या रॉबर्ट आणि डायन गिलमन यांनी केलेल्या अहवालामुळे. त्यातली व्याख्या सोप्या भाषेत अशी की वस्ती माणसाच्या आवाक्यातली असावी, राहणं-काम-करमणूक सगळं तिथेच व्हावं, निसर्गाला इजा होऊ नये, माणसाची नीट वाढ व्हावी आणि हे सगळं पुढेही कायम चालू शकावं. १९९५ मध्ये स्कॉटलंडच्या फिंडहॉर्नला मोठी परिषद झाली आणि त्यातून ग्लोबल इकोव्हिलेज नेटवर्क उभं राहिलं. फिंडहॉर्न स्वतः त्याहून जुनं, १९६२ चं, रेताड जमिनीवरच्या एका कॅरॅव्हॅन पार्कमध्ये तीन माणसांनी भाजी लावण्यापासून सुरू झालेलं.

पण आपल्याला यात फार नवीन वाटू नये. गांधीजींनी १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फिनिक्स आणि १९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्म वसवलं, पुढे साबरमती आणि १९३६ पासून वर्ध्याजवळ सेवाग्राम. जवळपासच्या सामानातलं घर, आपला संडास आपण साफ करायचा, सामुदायिक स्वयंपाक, रोजचं अंगमेहनतीचं काम, हे सगळं तिथे होतंच, फक्त कार्बनचा हिशोब कोणी मांडत नव्हतं.

आणि इंदूरचा धागा तर कुणी सांगतच नाही. जगातल्या कुठल्याही इकोव्हिलेजमध्ये जा, कंपोस्टचा ढीग असणारच, आणि ती शास्त्रशुद्ध पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच पसरली! इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, ती जागा म्हणजे आत्ताचं कृषी महाविद्यालय. शेतातला पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल टिकवायची, दोन-तीनदा वरखाली करायचं, की साधारण तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत तयार. १९३१ मध्ये यावर पुस्तक निघालं त्याचे सहलेखक होते यशवंत वाड, आडनाव वाचून आपले कान टवकारतातच. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा हे काम मुद्दाम बघून गेले. म्हणजे आपण पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलला जाऊन ज्या ढिगाचे फोटो काढून आणतो त्याचं माहेर इंदूरच्या नवलखा भागाच्या आसपास आहे.

भेट

भेटीचे प्रकार गावागणिक वेगळे. सगळ्यात सोपा म्हणजे दिवसभराची चक्कर, मग पाहुणा म्हणून काही रात्री, मग स्वयंसेवक म्हणून काही आठवडे. शेवटचा प्रकारच खरा उपयोगाचा. बाकी दोन्हींत तुम्हाला सोलर पॅनल दिसतात, माणसं दिसत नाहीत.

इंदूरकरांना सुरुवात घराजवळ करता येते. सनावदिया गावात जनक पलटा मॅकगिलिगन (पद्मश्री २०१५, सगळे त्यांना जनक दीदी म्हणतात) जिमी मॅकगिलिगन सेंटर चालवतात. सोलर कुकरवरचा स्वयंपाक, उन्हावर आणि वाऱ्यावर वीज, रासायनिक खताशिवाय शेती, होळीच्या आधी टेसूच्या म्हणजे पळसाच्या फुलांचा रंग करायला शिकवणं असं सगळं तिथे बघायला मिळतं. हे इकोव्हिलेज नाही, तिथे कोणी ‘सभासद’ होत नाही, पण घरात काय काय बदलता येतं ते डोळ्यांनी दिसतं आणि अर्ध्या लोकांचा उत्साह इथेच कळतो किती खरा आहे. खंडवा रोडचं कस्तुरबाग्राम आणि नवलख्याचा विसर्जन आश्रम ही गांधी-विनोबांच्या वळणाची ठिकाणंही शहरातच. १९६० मध्ये विनोबा इंदूरला मुक्कामाला राहिले होते आणि इंदूर ‘सर्वोदय नगर’ व्हावं असं त्यांच्या मनात होतं. ते काही झालं नाही, स्वच्छतेत पहिला नंबर मात्र २०१७ पासून आला.

लांब जायचं तर ऑरोव्हिल. २८ फेब्रुवारी १९६८ ला पाँडिचेरीजवळच्या उघड्याबोडक्या लाल मातीच्या माळावर १२४ देशांची मूठमूठ माती एका कलशात घालून हे गाव सुरू झालं, मीरा अल्फासा म्हणजे ‘मदर’ यांची कल्पना. ठरवलं होतं पन्नास हजार लोकांचं, आज आहेत तीन हजारांच्या थोडे वर, पण त्या माळावर जे जंगल उभं राहिलंय ते बघूनच विश्वास बसतो. इंदूरहून चेन्नईपर्यंत गाडी आणि पुढे दीडशे किलोमीटर बस. गावाच्या मधोमध असलेलं ध्यानाचं मातृमंदिर लांबून कोणालाही बघता येतं, आत ध्यानाला बसायचं तर आधी बुकिंग लागतं, आणि हे न कळून कितीतरी लोक तणतणत परत येतात. शेजारीच साधना फॉरेस्ट, २००३ चं, तिथे स्वयंसेवक राहतात, सकाळी झाडं लावणं, पाणी अडवणं, आणि जेवण पूर्ण व्हीगन म्हणजे दूध-तूप-दही काहीच नाही. शिकरणावर वाढलेल्या माणसाने हे आधी वाचून जावं.

महाराष्ट्राकडे बघितलं तर पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ इस्कॉनचं गोवर्धन इकोव्हिलेज आहे, तिथला भर भक्तीवर, पण आयआयटी मुंबईने विकसित केलेल्या मातीच्या पद्धतीने सांडपाणी साफ करायचा तिथला प्लांट मुद्दाम बघावा असा. आणि कष्ट झेपतात का ते तपासायचं असेल तर बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावरची श्रमसंस्कार छावणी, १९६७ पासूनची, भर मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात. इकोव्हिलेज शब्द तिथे कोणी वापरत नाही, पण पहाटे उठून कुदळ मारली की माणसाला स्वतःबद्दल बरंच कळतं.

सगळीकडे लागू असलेली गोष्ट म्हणजे न कळवता जाऊ नये. आधी लिहावं, आपण कोण, किती दिवस, काय काम येतं. रोजचं योगदान म्हणून पैसे द्यावे लागतात आणि वर कामही करावं लागतं, यावर आपल्याकडचा ठरलेला प्रश्न येतो की पैसेही द्यायचे आणि भांडीही घासायची का, तर हो. घासायची. पाहुण्याला शिकवण्यात त्यांचा वेळ जातो आणि पहिल्या आठवड्यात आपण उपटलेल्या तणात अर्धी रोपंच असतात.

सामानात टॉर्च, डासांचं काहीतरी, जुने कपडे आणि साधा साबण, कारण न्हाणीचं पाणी बऱ्याच ठिकाणी सरळ केळीच्या आळ्यात जातं, त्यात भारी शाम्पू गेला की केळीचं काही खरं नाही. संडासाचं धास्तावतात लोक. कोरडा संडास असतो, वापरल्यावर पाणी न ओतता भुसा किंवा राख टाकायची, एक टाकी भरली की ती बंद करून दुसरी वापरायची, पहिलीतलं कित्येक महिन्यांनी खत होतं. नीट वापरला तर वास येत नाही. धुवायला वेगळी जागा केलेली असते, भारतात तरी.

माझं मत विचाराल तर पहिली भेट डिसेंबरात करू नये. ऑरोव्हिलला डिसेंबर ते मार्च पाहुण्यांची गर्दी असते, हवा छान, सगळे हसतमुख. मे महिन्यात किंवा पावसाच्या ऐन मध्यात जा, गोगलगायी निघाल्यात, पॅनलला ऊन नाही, स्वयंपाकघराची पाळी कोणाची यावरून कुजबुज चाललीये, तेव्हा जे दिसेल ते खरं गाव. आणि त्यांच्या मीटिंगला मागे बसू देतात का ते विचारा. देत नसतील तर तेही एक उत्तरच झालं.

सामील होणं

हे प्रकरण स्थळ बघण्यासारखंच असतं, कांदेपोह्यांवर ठरत नाही. बहुतेक जुन्या वस्त्यांनी टप्पे ठरवलेत: आधी भेटी, मग लांब मुक्काम, मग उमेदवारीचा काळ, मग सभासदांचा होकार. अमेरिकेत व्हर्जिनियाला ट्विन ओक्स म्हणून १९६७ पासूनची वस्ती आहे, साधारण शंभर माणसांची, तिथे तीन आठवड्यांची भेट सक्तीची, त्यानंतर सभासद मत देतात आणि घेतलं तरी पहिले सहा महिने कच्चे. मिळकत सगळ्यांची एकत्र, प्रत्येकाने आठवड्याला चाळीसेक तास काम करायचं, पण यात स्वयंपाक, मुलं सांभाळणं, भांडी हे सगळं कामातच धरतात. हे वाचून आपल्याकडच्या किती बायका आज रात्रीच बॅग भरतील!

ऑरोव्हिलला ‘न्यूकमर’ म्हणून साधारण वर्षभराचा काळ असतो, आधी स्वयंसेवक म्हणून राहिलेलं बरं, आणि परदेशी माणसाला व्हिसाची वेगळी भानगड. तिथे जमीन किंवा घर कोणाच्या मालकीचं होत नाही. घर बांधायला किंवा घ्यायला पैसे तुम्ही द्याल तरी ते गावाचं, १९८८ च्या कायद्याने झालेल्या ऑरोव्हिल फाउंडेशनच्या ताब्यातलं. विकून निघता येत नाही, मुलांच्या नावावर करता येत नाही. जर्मनीत झीबेन लिंडेन आहे, १९९७ चं, पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरं, तिथे सहकारी संस्थेचे शेअर घेऊन सभासद व्हावं लागतं, हा प्रकार मराठी माणसाला लगेच कळेल, हाउसिंग सोसायटीच ती, फक्त मीटिंगला कोरम होतो.

मीटिंग हा मोठा विषय आहे. बऱ्याच गावांत बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते, म्हणजे शेवटच्या माणसाचा विरोध जाईपर्यंत बसायचं. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर काढलं, बायकांनीच चालवलेलं, तिथे हीच पद्धत. ऐकायला गोड वाटतं पण कुत्रा पाळायचा की नाही यावर तीन संध्याकाळी जाऊ शकतात. खड्डा खणणं, सोलर लावणं हे महिन्याभरात कोणीही शिकतं. जो माणूस सात वाजता बोलायला उभा राहतो आणि आठला बसतो त्याच्याबरोबर पुढची वीस वर्षं जेवायचं आहे हे शिकायला वेळ लागतो, आणि लोक सोडून जातात ते याच कारणाने, संडासामुळे नाही.

भांडणं जुन्या गावांतही होतात. ऑरोव्हिलमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये ‘क्राउन’ नावाच्या रस्त्यासाठी झाडं पाडायला बुलडोझर आले, रहिवासीच दोन बाजूंना, प्रकरण हरित लवादापर्यंत आणि पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. फिंडहॉर्न फाउंडेशनने २०२३ मध्ये आपले कोर्सच बंद केले, पैशांचं गणित बसेना. वस्ती आणि तिथली माणसं आहेत, पण ज्या दाराने नवीन लोक इतकी वर्षं आत येत होते ते मिटलं.

पैसे, जमीन, आई-बाबा

सही करण्याआधी विचारायचं ते असं: जमीन कोणाच्या नावावर आहे, ट्रस्ट, सोसायटी की एकाच माणसाच्या? एकाच्या नावावर असेल तर बाकी सगळे भाडेकरूच, भाषा कितीही कुटुंबाची असो. भरलेल्या पैशांतलं जाताना काय परत मिळतं आणि किती दिवसांत, हे लेखी. आजारपणाचा खर्च कोण करतो. गेल्या पाच वर्षांत कोण सोडून गेलं, आणि शक्य असेल तर त्यांच्याशीच फोनवर बोलायचं, गावातले लोक देतात नंबर, नाही दिला तर समजून घ्यायचं.

स्वतःच चार मित्र मिळून जमीन घ्यायचा बेत इंदूरमध्ये दर हिवाळ्यात कुठल्यातरी गच्चीवर शिजतो. पुण्याच्या चुलतभावाला त्यात घेणार असाल आणि जमीन तिकडे बघणार असाल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही हे लक्षात ठेवा. इकडे मध्य प्रदेशात महू-मानपूरच्या पुढे डोंगर सुंदर आहेत पण आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींनी घेण्यावर कायद्याची कडक बंधनं आहेत, आणि कोणी दलाल ‘होऊन जाईल हो’ म्हणाला तर तिथूनच मागे फिरा. शिवाय काळ्या मातीत घर बांधायचं तर पाया वेगळा लागतो, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मातीच्या घराची हौस असणाऱ्याने आधी गावातल्या जुन्या गवंड्याशी बोलावं.

घरून एक प्रश्न हमखास येतो, आई-बाबांना कोण बघणार. थोड्या वस्त्यांनीच यावर नीट विचार केलाय, कारण बऱ्याच ठिकाणी सुरुवात करणारे तिशीतले होते आणि म्हातारपण हा पुढचा विषय होता, आता तेच सत्तरीला आलेत. त्यामुळे गेल्यावर सगळ्यात म्हातारं माणूस कोण आहे ते बघावं, त्याच्या खोलीपर्यंत पायऱ्या किती आहेत आणि दुपारचं ताट त्याला कोण नेऊन देतं, तेही.