पार्श्वभूमी : जिल्हा, तालुका आणि मधला 'गट'

महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. नवा जिल्हा म्हटले की मोर्चे निघतात, बंद पुकारले जातात. पण गावच्या माणसाचे हेलपाटे ज्या निर्णयामुळे ठरले, तो १९६२ चा, जिल्हा परिषदा उभ्या करण्याचा. त्याची आठवण क्वचितच निघते.

१९५२ साली देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी साधारण शंभर गावे मिळून 'ब्लॉक' आखला गेला. मराठीत तो 'विकास गट'. पुढे १९५७ मध्ये केंद्राच्या समितीने पंचायत राज्याचा मुख्य भार या गटावरच द्यावा असे सुचवले. महाराष्ट्राने ते मानले नाही. इथे जिल्हा परिषद हा कणा ठरला, आमदार-खासदारांना तिच्या सदस्यत्वापासून दूर ठेवले आणि जिल्हाधिकारीही बाहेर राहिले. निर्णय योग्यच होता. अभियंते, डॉक्टर, शिक्षक यांचा पसारा पेलण्याची ताकद तालुक्यात नव्हती. मात्र महसूल जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि विकास जिल्हा परिषदेकडे, अशा दोन चुली तेव्हाच मांडल्या गेल्या.

'गट' शब्दाचा गुंता मात्र आजही सुटलेला नाही. गटविकास अधिकाऱ्याचा गट म्हणजे बहुतेक ठिकाणी अख्खा तालुका. निवडणुकीत 'आमचा गट' म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ. कायद्यात तो 'निवडणूक विभाग' आहे. त्याच्या पोटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे तिचे मतदारसंघ. लहान गावे एकत्र आली की गट ग्रामपंचायत. आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तर १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यातून आलेला, जमिनीचा. एकाच कचेरीच्या आवारात हा शब्द चार अर्थांनी कानावर पडतो.

कागदांचेही तसेच. 'आठ-अ' तलाठ्याकडे, शेताच्या खात्याचा. 'नमुना आठ' ग्रामपंचायतीत, घराचा. फरक एका अक्षराचा, पण चुकीचा उतारा जोडला की प्रकरण परत.

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून निवडणुका आणि आरक्षण पक्के केले. दोन चुली तशाच राहिल्या. आता तर तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. जुनी नावे निदान वेगळी तरी ऐकू यायची. वडील गेल्यावर शेताला वारसनोंद लावायची ती पहिल्याकडे, घराला लावायची ती दुसऱ्याकडे. मृत्यूचा दाखला मात्र दोघांनाही लागतो.