मूर्ती लहान, पण कितव्या घातात?

१ जुलैला रात्री साडेनऊला माझा फोन वाजायला लागतो तो बारापर्यंत थांबत नाही. भाचा मिनियापोलिसजवळ राहतो. तिकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि एनएचएलचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या लीगचा, करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार नुकताच उघडलेला असतो. पहिल्या तासात बडी नावं जातात. मग सुरू होते किरकोळ खरेदी. एका वर्षाचा करार, नाव कुणाला माहीत नाही, काम एवढंच की कुणी जायबंदी झालं तर हाक मारल्यावर यायचं. परवा त्याचा निरोप आला: "मावशी, एका संघानं आज तीन डिफेन्समन (बचावपटू) घेतले. दोघं ताडमाड, तिसरा पाच फूट नऊ इंच. मूर्ती लहान पण कीर्ती महान! आणि बुटक्याचा गुरुत्वमध्य खाली असतो, त्यामुळे त्याला कुणी पाडू शकत नाही, हो ना?"

नाही. तीस वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईला असं विचारलं की झोप जाते.

आधी ही किरकोळ खरेदी का करावी लागते ते उरकून घेऊ. एका सामन्यात संघ सहा डिफेन्समन उतरवतो. समजा, प्रत्येक जण दहापैकी नऊ सामन्यांत धडधाकट असतो. तर सहाही जण एकाच वेळी धडधाकट असण्याची शक्यता ०.९ चा सहावा घात, म्हणजे जेमतेम ५३ टक्के. ८४ सामन्यांच्या हंगामात ३९ वेळा सातवा माणूस लागणार, आणि नऊएक वेळा आठवाही. प्रत्यक्षात दुखापती अशा सुट्यासुट्या येत नाहीत, पावसासारख्या एकदम कोसळतात, त्यामुळे नववाही हाताशी ठेवावा लागतो. मुख्य चमूत २३ जण, पण करार एकूण ५० जणांशी करता येतात. उरलेले खालच्या लीगमध्ये, एएचएलमध्ये, खेळत राहतात. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या करारात पगाराचे दोन आकडे असतात: वर बोलावलं तर एक, खाली असताना दुसरा. वरचा आकडा २०२५-२६ मध्ये वर्षाला किमान ७ लाख ७५ हजार डॉलर होता, त्यातले जितके दिवस वर काढाल तितके पदरात. खालचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आता गुरुत्वमध्य. घरातलं लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आणा. शेजारी त्याचीच अर्ध्या मापाची हुबेहूब प्रतिकृती. दोन्हींना वरच्या कडेला ढकला. कपाट कलंडायला लागणारं बल ठरतं त्याच्या वजनावर आणि पायाची रुंदी भागिले उंची या गुणोत्तरावर. छोट्या कपाटाचा गुरुत्वमध्य खाली आहे खरा, पण त्याचा पायाही तेवढ्याच प्रमाणात अरुंद आहे. गुणोत्तर तेच राहिलं. वजन मात्र आठपट कमी. म्हणजे छोटं कपाट आठपट सहज पडतं! समालोचक ज्याला "लो सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी" म्हणून डोक्यावर घेतात ती बुटकेपणाची देणगी नव्हेच. गुडघे वाकवून आणि पाय फाकवून केलेली ती कमाई आहे. सहा फूट चार इंचाचा माणूसही ती करू शकतो, फक्त त्याच्या मांड्या जरा लवकर कुरकुरतात.

मग बुटक्याला मिळतं तरी काय? इथे माझा लाडका विषय येतो, वर्ग-घन नियम. गॅलिलिओनं १६३८ मध्ये हाडांच्या जाडीबद्दल लिहिताना तो मांडला. उंची दुप्पट केली, बाकी आकार तोच ठेवला, तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून, म्हणजे उंचीच्या वर्गावर. वजन घनफळावर, म्हणजे उंचीच्या घनावर.

प्रत्यक्ष माणसं घेऊ. लेन हटसन, माँट्रियल कॅनेडियन्सचा डिफेन्समन. २०२४-२५ च्या नोंदी धरून उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे १७५ सेंटिमीटर, आणि वजन सुमारे ७४ किलो. त्याला फोटोकॉपीच्या यंत्रात घालून सहा फूट चार इंचांचा, १९३ सेंटिमीटरचा केला तर? गुणोत्तर १.१०३. त्याचा घन १.३४. वजन येतं ९९ किलो. एनएचएलमधले धिप्पाड डिफेन्समन याच सुमाराला असतात, म्हणजे आमचं यंत्र फार खोटं बोलत नाही. ताकद मात्र १.२२ पटच वाढली. किलोमागे ताकद लहान हटसनची दहा टक्के जास्त. उभ्या जागेवरून सुटताना त्वरणही तेवढंच जास्त.

पण डिफेन्समनचं खरं काम सरळ धावणं नव्हे. प्रतिस्पर्धी पक, म्हणजे ती तीन इंच रुंद, १७० ग्रॅमची रबरी चकती, कोपऱ्यात भिरकावतो. डिफेन्समनला पाठ फिरवून ती आणायला जायचंय आणि मागे एक राक्षस सुटलाय. चकती गाठण्याआधी तो खांद्यावरून एकदा मागे बघतो, डावीकडे जातोय असं भासवतो आणि उजवीकडे गर्रकन वळतो. स्केटचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर जाड, खालून पन्हळीसारखं कोरलेलं, त्यामुळे त्याला दोन धारा. एक धार सोडायची, दुसरी रोवायची. सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदाचा.

या वळण्याचे दोन भाग आहेत. मोठी कमान घेऊन वळताना माणूस आत झुकतो. किती झुकायचं हे वेग आणि कमानीच्या त्रिज्येवर ठरतं, वस्तुमान त्या समीकरणात येतच नाही. सेकंदाला आठ मीटर वेगानं ४५ अंश झुकलात तर त्रिज्या साडेसहा मीटर, मग तुम्ही हटसन असा नाहीतर हत्ती. इथे बुटक्याला छदामही मिळत नाही.

दुसरा भाग म्हणजे स्वतःभोवती फिरणं, आणि फायदा इथे आहे. फिरायला होणारा विरोध म्हणजे जडत्व आघूर्ण. बारावीत वहीत उतरवलेलं आठवत असेल: वस्तुमान गुणिले अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग. वस्तुमान उंचीच्या घनात, अंतराचा वर्ग उंचीच्या वर्गात, एकूण उंचीचा पाचवा घात! १.१०३ चा पाचवा घात १.६३. म्हणजे मोठ्या प्रतीला फिरवणं ६३ टक्के जड. हा आकडा मी भाच्याला सांगितला तेव्हा तो खूष झाला आणि लगेच मित्रांना पाठवायला निघाला. त्याला थांबवलं, कारण हिशेब अर्धाच झाला होता. फिरवणारं बल आघूर्ण म्हणजे ताकद गुणिले बाहूची लांबी. ताकद वर्गात, लांबी पहिल्या घातात, म्हणून तेही उंचीच्या घनात वाढतं. घनाला पाचव्या घातानं भागा: कोनीय त्वरण उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. आणि ठरावीक कोनातून फिरायला लागणारा वेळ त्वरणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे शेवटी थेट उंचीच्या प्रमाणात. पाचव्या घातापासून निघालो आणि पहिल्यावर उतरलो. ६३ टक्क्यांचे दहा टक्के झाले.

(इथपर्यंत दम लागला असेल तर वरचा परिच्छेद सोडा आणि पुढचा आकडा तेवढा धरा.)

लहानाला अर्धा सेकंद लागला तर मोठ्याला ०.५५. फरक ०.०५ सेकंदाचा. मागून येणारा राक्षस सेकंदाला आठ मीटरनं येतोय, तो तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे सरकतो. स्टिकच्या पात्याची लांबी नियमानं जास्तीत जास्त साडेबारा इंच, म्हणजे ३२ सेंटिमीटरच्या आत. एका पात्याहून थोडी जास्त जागा, एवढीच बुटकेपणाची मिळकत. खो-खोत खांबाशी वळताना पाठीवरचा हात वीतभरानं चुकवलेल्यांना या जागेची किंमत सांगायला नको.

आता खर्च. तोच हटसन सेकंदाला सहा मीटरनं निघालाय आणि समोरून त्याची ९९ किलोची प्रत त्याच वेगानं येते. दोघं भिडून चिकटले असं धरा. बर्फावर घर्षण नगण्य, त्यामुळे संवेगाचा हिशेब जवळजवळ पुस्तकातल्यासारखा लागतो. दोघं मिळून मोठ्याच्या दिशेनं सेकंदाला ०.९ मीटरनं सरकतील. मोठ्याचा वेग ५.१ नं बदलला, लहानाचा ६.९ नं. मानेला आणि मेंदूला कळतो तो हा बदल. शिवाय हात आणि स्टिक मिळून पोच दहा टक्के कमी असेल तर राखता येणारं क्षेत्र १९ टक्के कमी. नियमपुस्तकही उंचांना झुकतं माप देतं: स्टिकचा दांडा ६३ इंचांपर्यंत, पण सहा फूट सहा इंच किंवा त्याहून उंच असाल तर सवलत मागून ६५.

म्हणजे मिळकत पहिल्या घातात आणि खर्च तिसऱ्या घातात. मिळकत खर्ची घालण्यासारखा खेळ वाट्याला आला तरच धंदा परवडतो: कोपऱ्यातून पक सोडवणं, तो घेऊन वर जाणं, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एखादा खेळाडू शिक्षेनं बाहेर असताना, त्यांच्या हद्दीच्या निळ्या रेषेशी नाचणं. हटसनला माँट्रियलनं २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, ६२व्या क्रमांकावर घेतलं, २०२४-२५ मध्ये हाच खेळ मनसोक्त खेळू दिला आणि त्यानं ६० गोलांना हातभार लावून नवोदित डिफेन्समनच्या विक्रमाशी बरोबरी केली. सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफीही घेतली. पण सातव्या-आठव्या नंबरच्या माणसाला पॉवर प्लेवर कोण उभं करतं? त्याला गोलासमोरची गर्दी हटवायला पाठवतात, जिथे फक्त तिसरा घात चालतो. म्हणून माझ्या मते बुटक्या डिफेन्समनला मधली जागाच नसते. पहिल्या चारांत, नाहीतर एएचएलच्या बसमध्ये.

या माझ्या सिद्धांताला छेद देणारा माणूस भाच्याच्या गावचा निघाला. मिनेसोटा वाइल्डचा जॅरेड स्पर्जन, हाही पाच फूट नऊ. न्यूयॉर्क आयलँडर्सनं २००८ मध्ये १५६व्या क्रमांकावर निवडला आणि करार न करताच सोडून दिला. २०१० मध्ये तो वाइल्डकडे चाचणी द्यायला आला, म्हणजे किरकोळ खरेदीच्याही खालच्या पायरीवर. २०२१ मध्ये कर्णधार झाला. त्याचं नाव झालं ते पॉवर प्लेवर नाचून नव्हे, आधी ओळखून आणि स्टिक अचूक जागी ठेवून. धडक होऊच दिली नाही तर तिसरा घात येतो कुठून?

आणि कधीकधी वेग वस्तुमानाची भरपाई करतो. २७ मे २०१९, स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीचा पहिला सामना, बॉस्टन. यजमान ब्रुइन्सचा डिफेन्समन टोरी क्रुग, परत पाच फूट नऊच, आपल्या गोलासमोर झटापटीत हेल्मेट गमावून बसला. चिडून तो मोकळे केस उडवत जवळजवळ अख्खं मैदान पार करून गेला आणि सेंट लुइसच्या रॉबर्ट थॉमसला आडवा केला. वाचता वाचता मैदानाचं माप लक्षात घ्या: दोनशे फूट. एवढी धाव मिळाली तर संवेगातला वेगाचा भाग कुणालाही भरता येतो, अडचण इतकीच की रोजच्या खेळात एवढी धाव कुणी देत नाही. (पुढच्याच मोसमापासून हेल्मेट पडलं की ते उचला नाहीतर बाहेर जा, असा नियम आला. २०२० मध्ये क्रुगनं नवा करार केला तोही सेंट लुइसशीच.) त्याच ब्रुइन्समध्ये तेव्हा झ्डेनो चारा होता, सहा फूट नऊ. एकाच संघात, एकाच कामाला, बरोबर एका फुटाच्या फरकाची दोन माणसं.

हटसनची एक गोष्ट मात्र राहिली. ड्राफ्टच्या आधी त्यानं संघांना डॉक्टरांचं पत्र दाखवलं होतं: याचं हाडांचं वय खऱ्या वयाच्या मागे आहे, अजून वाढेल. यात जादू काही नाही. हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढपट्ट्या किती उघड्या आहेत ते पाहतात. पट्ट्या मिटल्या की उंची संपली. आपल्याकडे दुधात घालायची उंचीवर्धक पावडर विकणारे, बारला लोंबकळायला लावणारे आणि "वयाच्या पंचविशीनंतरही सहा इंच" अशा जाहिराती चिकटवणारे याच पट्ट्यांवर थुंकून पैसे कमावतात. मिटलेली पट्टी पावडरीनं उघडत नाही. माझ्या वर्गातली मुलं फीच्या पैशांतून असले डबे आणायची. पालकांना कळायचं ते डबा संपल्यावर.

हे सगळं मी भाच्याला सविस्तर लिहून पाठवलं. उत्तरादाखल त्यानं मुलीचा व्हिडिओ पाठवला. अकरा वर्षांची आहे, तिकडच्या रिंकवर डिफेन्स खेळते आणि संघात सगळ्यांत बुटकी. कोपऱ्यात जाते, मागे बघते, वळते. मी मोबाइलवर एकेक चौकट पुढे सरकवत मोजलं: १४ चौकटी, म्हणजे अर्ध्या सेकंदाला जरा कमी. मग तिच्याच संघातली दुसरी, वीतभर उंच, तशीच वळली. मोजलं. १३.

परत मोजलं. १३च.

"ही उंच पोरगी किती वर्षं खेळतेय रे?" मी विचारलं.

"सहा. आपली गेल्या थंडीत लागली."