आमटीचा तवंग आणि बॅटरीतला कोबाल्ट

आम्हा सांगलीकरांना हळद नवी नाही, पण आमटीकडे एकदा नीट निरखून बघा. फोडणीतल्या हळदीचा रंग वर तरंगणाऱ्या तवंगात जास्त उतरतो, कारण तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतं. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव घ्यायचे आणि हवा तो पदार्थ त्यातल्या एकात ओढून घ्यायचा, यालाच द्रावक निष्कर्षण म्हणतात. बाद बॅटऱ्यांतला कोबाल्ट याच रीतीने परत मिळवता येतो.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फुगलेल्या बॅटऱ्यांचा डबा असतोच. (त्या घरी फोडू नका, पेट घेतात.) त्यांच्यातल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या वजनात सुमारे 60 टक्के कोबाल्ट असतो. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. हे ठाऊक असल्यावर त्या डब्याला कचरा म्हणवत नाही.

अडचण आहे निकेलची. इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांत दोन्ही धातू असतात. अणुक्रमांक 27 आणि 28, सख्खे शेजारी. पाण्यात दोघांच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, भार तोच, आकारही जवळपास तेवढाच. मग ओळखायचं कसं?

हे धातू विरघळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल वाढवत न्या. कोबाल्ट चार क्लोराइड आयन भोवती गोळा करतो, त्याचा धनभार जाऊन ऋणभार येतो आणि गुलाबी द्रावण गडद निळं होतं. चुना लागताच हळद लाल होते, तसाच हा बदल डोळ्यांना दिसतो. निकेल मात्र हिरवाच राहतो. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

आता तवंगाची जागा घेतो आयनिक द्रव, म्हणजे द्रवरूपातलं मीठ. खायचं मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात, कारण त्याचे आयन घट्ट रचलेले असतात. आयन मोठे आणि वेडेवाकडे असले की ती रचना जमत नाही. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये वर्णिलेलं असं एक मीठ 12 अंशांनाच वितळतं. कोबाल्टसाठी फॉस्फरसभोवती चार लांब कार्बन-साखळ्या असलेलं फॉस्फोनियम क्लोराइड वापरतात. ते पाण्यावर तरंगतं, स्वतःचे दोन क्लोराइड सोडतं आणि तो निळा कोबाल्ट आत घेतं. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं, की तीव्र आम्लात कोबाल्टची या थराकडची ओढ निकेलच्या 50,000 पट होऊ शकते. नंतर साधं पाणी घातलं की क्लोराइड विरळ होतो, कोबाल्ट पुन्हा गुलाबी होऊन पाण्यात उतरतो आणि द्रव परत वापरता येतो.

नेहमीच्या पद्धतीत लागणारं केरोसीन इथे टळतं. त्याची वाफ नाही, आगीची धास्तीही कमी. कामगारांसाठी ही गोष्ट मोठी आहे.

पण हा द्रव काकवीसारखा दाट, म्हणून ढवळायला आणि थर वेगळे व्हायला वेळ लागतो. गरम करावा लागतो. महागही आहे. शिवाय अशी लांब साखळ्यांची मिठं जलचरांना घातक ठरू शकतात. कुपवाडच्या एमआयडीसीत उद्या असा कारखाना निघाला, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात या द्रवाचा किती अंश उरतो, हे मी आधी विचारेन. ते पाणी शेवटी कृष्णेलाच मिळणार आहे.