घारीची बोटं आणि विमानाचं वळलेलं टोक

घाटकोपर-असल्फाच्या गच्चीवर उभं राहिलं की उतरणारी विमानं अगदी डोक्यावरून जातात. बहुतेकांच्या पंखांची टोकं वर वळलेली असतात. त्याच आभाळात घारी घिरट्या घालत असतात. त्यांच्या पंखांच्या टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली, किंचित वर वाकलेली. दोघांची अडचण एकच, आणि ती मुंबईकराला समजावून सांगायला नको: जागा कमी.

उडताना पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. या फरकावर विमान तोललं जातं. पण टोकाशी पंख संपतो आणि खालची हवा कडेवरून वर पळते. मागे भोवरा सुटतो. तो भोवरा फिरवायला लागणारी शक्ती इंजिनाच्या इंधनातूनच जाते. हवेच्या या अडवणुकीला प्रेरित रोध म्हणतात. प्रवासी विमान उंचावर एका वेगाने चाललेलं असताना हवेच्या एकूण रोधात याचा वाटा साधारण ४० टक्क्यांच्या आसपास असतो.

पंख जितका लांब, तितका हा तोटा कमी. अल्बाट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो, कारण मोकळ्या समुद्रावर त्याला अडवणारं काही नाही. घारीला ही चैन नाही. ससून डॉकवर झेप घालून, मासळीचा तुकडा उचलून, होड्यांच्या दाटीतून तिला निसटायचं असतं. दीड मीटरच्या पसाऱ्यात भागवावं लागतं. म्हणून तिच्या पंखाचं टोक लांबलं नाही, फुटलं. प्रत्येक पीस एक छोटा पंख झालं, आणि एका दांडग्या भोवऱ्याची ताकद वर-खाली विखुरली गेली.

माणसाचं लक्ष टोकाकडे उशिरा गेलं. जर्मनीत ओट्टो लिलिएंथाल यांनी करकोच्याचा बारकाईने अभ्यास करून १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. त्यांनी पक्ष्याकडून घेतला तो पंखाचा बाक. सपाट फळीपेक्षा बाकदार पंख जास्त उचलतो, हे त्यांनी मोजून दाखवलं, स्वतः ग्लायडर बांधून उड्डाणं केली आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून प्राण गमावले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पंखाच्या टोकांना उभ्या पट्ट्या लावण्याचं पेटंट घेतलं. दिशा बरोबर होती, पण साध्या सपाट पट्टीचा स्वतःचा रोधच इतका, की वाचवलेलं बरंचसं तिथेच खर्ची पडायचं.

ही कल्पना तशीच पडून राहिली. १९७३ च्या तेलसंकटाने इंधन महागलं आणि नासाच्या लँगली केंद्रात रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी ती पुन्हा हातात घेतली. घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांच्या टोकाच्या पिसांविषयीचं वाचन त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी पट्टी टाकून दिली आणि त्या जागी खराखुरा छोटा पंख घडवला: त्याला बाक दिला, कोन दिला. टोकाशी वर उसळणाऱ्या हवेतूनच थोडा पुढे ढकलणारा जोर मिळावा, ही त्यातली खरी हुशारी. १९७६ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. १९७९-८० मध्ये केसी-१३५ या विमानावर चाचण्या झाल्या आणि तेवढ्याच इंधनात सुमारे ७ टक्के जास्त अंतर कापता आलं. त्याला नाव पडलं विंगलेट.

मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं पान. विंगलेटवाली विमानं रोज उडू लागली, तरी पक्ष्याची फाकलेली पिसं खरंच रोध कमी करतात का, हे कुणी पक्ष्यावर मोजलं नव्हतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या व्हान्स टकर यांनी हॅरिस ससाणा वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे चाचणीसाठी वारा सोडलेल्या मोठ्या नळीत, तरंगायला शिकवला. मग त्याच्या टोकाची पिसं कातरून पुन्हा उडवला. १९९५ मध्ये आकडे आले: पिसं शाबूत असताना रोध कातरलेल्या अवस्थेच्या ७० ते ९० टक्केच होता.

आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या ए-३२० च्या वळलेल्या टोकाला एअरबस शार्कलेट म्हणते. इंधनात ४ टक्क्यांपर्यंत बचत सांगते. शार्कलेटसह पंखांचा पसारा ३५.८ मीटर होतो. या वर्गाच्या विमानांसाठी विमानतळावरच्या उभं राहण्याच्या जागेची मर्यादा ३६ मीटरची. मुंबईसारख्या गच्च विमानतळावर त्या उरलेल्या वीस सेंटिमीटरची किंमत कळते.

बोइंगने ७७७एक्स साठी वेगळी वाट धरली. हवेत त्याचा पसारा सुमारे ७२ मीटर. उतरल्यावर टोकं वर दुमडली जातात आणि ते ६५ मीटरच्या जागेत मावतं. घारही नारळाच्या झावळीवर टेकली की आधी पंख मिटून घेते.